धावणाऱ्या बाईने आधी जेवावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीतील मॅरेथॉनच्या तयारीविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. बूट कसे निवडावेत, मनगटावरच्या घड्याळातली हृदयगती कशी समजून घ्यावी, दर आठवड्याला किती किलोमीटर वाढवावेत, हे सारे त्यात नेटकेपणाने आले आहे आणि नव्याने धावू लागलेल्यांना त्याचा उपयोग होईल. आहाराविषयी मात्र त्या पानभर मजकुरात एकच वाक्य होते, ते म्हणजे सकस आणि संतुलित आहार घ्यावा. या एका वाक्यात जे सांगायचे राहून गेले, ते मला कोणी वेळेवर सांगितले असते तर माझ्या नडगीचे हाड वाचले असते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

मी साताऱ्यात राहते, वय ४६ आहे आणि जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवते. चाळिशी गाठली तेव्हा यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणापर्यंत चालतानाही मला धाप लागत असे. तिथून सुरुवात करून, थोडे चालायचे, थोडे धावायचे असे करत मी दीड वर्षात पहिली अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटरचे अंतर, पूर्ण केले. साताऱ्यात धावण्याची गोडी लावली ती २०१२ पासून होत असलेल्या हिल मॅरेथॉनने. त्या स्पर्धेचा पहिला अर्धा रस्ता चढाचा आणि परतीचा उताराचा. चढावर दम लागतो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण मांड्यांची खरी कसोटी उतारावर लागते, हे धावल्याशिवाय कळत नाही. मला अर्धमॅरेथॉनला दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. आठवड्यातले चार दिवस पहाटे साडेपाचला मी रस्त्यावर असते आणि घर, शाळा, वह्या तपासणे यांच्यामध्ये तेवढाच वेळ असा असतो की ज्यात मला कोणी हाक मारत नाही.

सराव साधा आहे. मंगळवारी सपाट रस्त्यावर सहा-सात किलोमीटर, गुरुवारी समर्थ मंदिराच्या पुढे घाटाचा चढ, शनिवारी पुन्हा हलके धावणे आणि रविवारी लांब पल्ला. लांब पल्ला १४ किलोमीटरपासून सुरू करून दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवायचा आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचा, म्हणजे स्नायूंना आणि हाडांना सावरायला अवधी मिळतो. यातले बहुतेक धावणे सावकाश व्हावे लागते. सावकाश म्हणजे किती, हे ओळखायला मी घड्याळापेक्षा पाढ्यांवर अधिक विसंबते. धावता धावता सतराचा पाढा मोठ्याने, मध्ये श्वास न तुटता म्हणता आला तर वेग बरोबर. 'सतरा चोक अडुसष्ट'पाशी दम अडकला तर वेग जास्त. नवे धावक दररोज जोरात धावतात आणि महिन्याभरात गुडघा धरून बसतात, त्यांना मी हीच खूण सांगते. घाटाच्या वाटेवर पावसाळ्यात धुके इतके दाट उतरते की पुढच्या धावकाचे फक्त पाऊल ऐकू येते, आणि त्या धुक्यात पाढे म्हणत जाणारी मी एकटीच नसते, कारण ही सवय आता आमच्या गटातल्या आणखी तिघींनी उचलली आहे.

आता माझी चूक. मी धावू लागले ती वजन कमी करण्यासाठी. माझ्या ओळखीच्या बहुतेक बायका पहिल्यांदा बूट घालतात त्या याच कारणाने. उपाशीपोटी धावले की चरबी लवकर जळते, हा सल्ला मला आमच्याच वर्तुळातल्या एका जाणत्या माणसाने दिला आणि मी तो तंतोतंत पाळला. पहाटे उठून फक्त चहा घ्यायचा, धावून यायचे, आल्यावर डबे भरायचे, शाळा गाठायची आणि पहिला घास दुपारच्या सुटीत घ्यायचा, असे दोन वर्षे चालले. शिवाय रात्रीच्या जेवणातून मी एक भाकरी कमी केली होती. वजनकाटा खाली येत होता, बायका कौतुक करत होत्या, आणि आपण किती खातो व किती खर्च करतो याचा साधा हिशेब गणित शिकवणाऱ्या मला एकदाही मांडावासा वाटला नाही.

तो हिशेब असा आहे. धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. माझे वजन ५४ किलो, म्हणजे आठ किलोमीटरच्या एका सकाळचा खर्च सुमारे ४३० किलोकॅलरी झाला. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे दोनशे किलोकॅलरी देते. म्हणजे ती एक सकाळच दोन भाकऱ्यांची झाली. आठवड्याला ४५ किलोमीटर धावले की बारा भाकऱ्या, आणि पूर्ण मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर म्हणजे अकरा भाकऱ्या. नेहमीच्या जेवणावर एवढे वाढवायला हवे होते, तिथे मी एक एक भाकरी वजा करत होते. थोडी तूट ठेवल्याने वजन हळूहळू उतरते, हे खरे. परंतु तूट मोठी झाली आणि वर्ष-दोन वर्षे टिकली, की शरीर चरबीवर न थांबता इतर कामांना कात्री लावू लागते.

तीन वर्षांपूर्वी मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन धावले. पहाटेच्या अंधारात सुटलेले ते हजारो लोक, मरीन ड्राइव्हवरचे दिवे, वरळीच्या सागरी सेतूवर उगवलेला दिवस, हे सारे मी जन्मभर विसरणार नाही. निघण्यापूर्वी मी एक बिस्किट आणि चहा घेतला होता आणि वाटेत 'पोट जड नको' म्हणून पाण्यापलीकडे काही घेतले नाही. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात साखरेचा साठा चारशे-पाचशे ग्रॅमच असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात; लांब पल्ल्यात तो संपत आला की तीस-बत्तीस किलोमीटरच्या पुढे पाय जागीच खिळल्यासारखे होतात. माझे तसेच झाले. हाजी अली मागे पडून पेडर रोडचा चढ लागला तेव्हा हात गार पडले होते, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि मन गुंतवण्यासाठी म्हणायला घेतलेला सातचा पाढा मला पुढे आठवेना. वीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतलेला पाढा जिभेवर येत नाही, याची जी भीती वाटली ती थकव्यापेक्षा कितीतरी मोठी होती. रस्त्याच्या कडेला एक आजी स्टीलच्या डब्यात तिळाच्या वड्या घेऊन उभ्या होत्या, कारण संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. त्यांनी दोन वड्या हातावर ठेवल्या आणि 'बाई, चावून खा, मग जा' असे म्हणाल्या. दहा-पंधरा मिनिटांत डोके निवळले आणि मी सहा तास बारा मिनिटांनी अंतिम रेषा ओलांडली. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून मी कोलमडले, अशी माझी त्या क्षणापर्यंत समजूत होती. गुळाच्या दोन तुकड्यांनी ती दूर केली.

शहाणपण तेव्हाच यायला हवे होते, पण आले नाही. पदक मिळाल्याच्या आनंदात मी पंधरा दिवसांत पुन्हा तसाच सराव सुरू केला. दीड महिन्याने उजव्या नडगीच्या खालच्या भागात एका जागी बोट ठेवले तरी कळ येऊ लागली. क्ष-किरण तपासणीत काही दिसले नाही, म्हणून मी आणखी दोन आठवडे धावले. एमआरआय केल्यावर हाडाला ताणाची भेग असल्याचे निघाले. आठ आठवडे धावणे बंद झाले. त्याच वेळी केलेल्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघाले, जे बाईसाठी किमान १२ असायला हवे, आणि शरीरातला लोहाचा साठाही जवळजवळ रिता होता. चार महिने पाळी आली नव्हती. त्रेचाळिसाव्या वर्षी हे थोडे लवकर असले तरी वयाचेच असेल, असे मी गृहीत धरले होते. डॉक्टरांनी मला धावण्याचे वेळापत्रक विचारलेच नाही. त्यांनी विचारले, 'काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले, ते सांगा.' सांगता सांगता मलाच लाज वाटू लागली. पोटभर खाऊ लागल्यावर आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर पाचव्या महिन्यात पाळी परत सुरू झाली.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला एक नाव दिले, त्याचा मराठीत अर्थ खेळाडूच्या शरीरातील सापेक्ष ऊर्जातूट असा होईल. व्यायामाचा खर्च वजा केल्यावर उरलेली ऊर्जा अपुरी पडू लागली की शरीर पाळी, हाडांची दुरुस्ती, रोगप्रतिकार, अशी कामे एकामागून एक पुढे ढकलत जाते. हे पुरुषांतही घडते, मात्र त्यांच्या बाबतीत पाळी चुकण्यासारखी उघड खूण नसते, त्यामुळे ते अधिक उशिरा लक्षात येते. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना मॅरेथॉन धावू दिली गेली तीच मुळी १९८४ साली, लॉस एंजेलिसमध्ये. बाईच्या शरीराला लांब पल्ला झेपणार नाही असे त्याआधी अनेक दशके सांगितले जात होते, आणि आता झेपतो हे सिद्ध झाल्यावर ते शरीर काय मागते, याची माहिती आपल्या घरांपर्यंत अजून पोहोचलेली नाही. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला आहे. म्हणजे आमच्यातली एखादी धावू लागते तेव्हा पुष्कळदा ती सुरुवातच उणे बाजूने करत असते, आणि त्यावर धावताना घामातून व तळव्यांवरच्या सततच्या आघाताने थोडे थोडे लोह आणखी जाते.

इथे घरातल्या एका जुन्या रीतीविषयी बोलणे भाग आहे. आमच्या घरी कोणी माझ्या ताटाकडे वाईट नजरेने पाहिले नाही. उलट सगळ्यांनी धावण्याला पाठिंबाच दिला. तरीही सगळ्यांना वाढून झाल्यावर जे उरेल ते आणि तेवढेच आपण खायचे, ही सवय मला कोणी शिकवल्याचे आठवत नाही, इतकी ती अंगात मुरलेली होती. उरलेली आमटी पातळ असते, डाळ खाली गेलेली असते, उसळ मुलांनी संपवलेली असते, आणि शेवटच्या भाकरीचे दोन भाग होतात. हाडाला भेग गेल्याचे कळल्यावर सासूबाईंनी मला समोर बसवले. त्यांचे अर्धे आयुष्य खटाव तालुक्यात खुरपणी-काढणीच्या कामात गेले. त्या म्हणाल्या, 'आम्ही रानात जायचो तेव्हा दिवस वर यायच्या आत न्याहारी सोडायचो. पोटात काही नसताना खुरपं चालत नाही. तुझं धावणं काय खुरप्यापेक्षा हलकं आहे?' त्या न्याहारीत दीड-दोन भाकऱ्या, पिठले किंवा झुणका, शेंगदाण्याची चटणी, कांदा आणि वर ताक असे. एवढे खाणारी बाई खादाड आहे असे रानात कोणी म्हणत नसे, कारण ते खाणे कामाचे होते आणि काम सगळ्यांना दिसत होते. शहरातल्या बाईचे पहाटेचे धावणे कोणाला दिसत नाही. ती परत येते तेव्हा घर नुकते जागे होत असते.

उपवासांचाही विचार करायला हवा. जानेवारीच्या मॅरेथॉनसाठी सप्टेंबरच्या मध्याला अठरा आठवड्यांचा सराव सुरू केला, की त्यात नवरात्र येते, दिवाळीच्या आगेमागे शरीर आळसावते, आणि ज्या आठवड्यांत सर्वाधिक किलोमीटर धावायचे असतात, नेमके त्याच काळात मार्गशीर्षातले गुरुवार येतात. साताऱ्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यांना श्रावणी सोमवार रविवारच्या लांब पल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी गाठतो, म्हणजे स्नायूंना दुरुस्तीसाठी सर्वाधिक प्रथिने हवी असतात त्या दिवशी ताटात साबुदाणा असतो. साबुदाण्यात पिष्ट भरपूर असते, प्रथिने मात्र नाममात्रच. मी श्रद्धाळू आहे आणि उपवास सोडा असे कोणालाही सांगणार नाही. मी स्वतः एवढेच ठरवले आहे की उपवासाच्या दिवशी धावायचे नाही, गुरुवारचा घाट मार्गशीर्षात बुधवारी करायचा, आणि उपवासाच्या ताटात दही, राजगिरा आणि भरपूर शेंगदाण्याचे कूट घालायचे. नवरात्रातले नऊ दिवस धरणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने त्या आठवड्यात फक्त चालायचे ठरवले आणि तिच्या तयारीत काहीही कमी पडले नाही.

आता मी काय खाते ते सांगते, कारण कोरड्या उपदेशाचा उपयोग नसतो. नेहमीच्या सकाळी निघण्यापूर्वी अर्धे-पाऊण तास एक केळे किंवा अर्धी भाकरी गुळाबरोबर, आणि चहा त्यानंतर थोडा वेळ जाऊ देऊन. रविवारी लांब पल्ला असेल तर चारला उठून एक पूर्ण भाकरी, गूळ, थोडे तूप, आणि पाचच्या पुढे निघणे. दीड तासाहून अधिक धावायचे असेल तर वाटेत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत, असे क्रीडा-आहारशास्त्र सांगते. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, २० ग्रॅमच्या गुळाच्या खड्यात १७-१८. मी कमरेच्या पट्ट्यात गुळाचे खडे आणि बिया काढलेले खजूर घेऊन निघते आणि भूक लागण्याची वाट न पाहता दर चाळीस मिनिटांनी खाते, कारण भूक जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो. बाजारात मिळणाऱ्या, धावता धावता गिळायच्या साखरेच्या जेलच्या पुड्या वाईट नाहीत, वेगाने धावणाऱ्याला चावत बसणे जमत नाही तेव्हा त्या सोयीच्याच आहेत. पण त्या परवडत नाहीत म्हणून काहीच न खाता धावणे, हे मी अनेकींच्या बाबतीत पाहिले आहे आणि ते पाहून मला फार वाईट वाटते. घरी परतल्यावर अंघोळीच्या आधी मूठभर शेंगदाणे आणि दूध, मग तासाभरात उसळ-भाकरी किंवा दोन अंडी. शेंगदाण्यांत शंभर ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिने असतात, नाचणीत कॅल्शियम दुधाहूनही अधिक, आणि अळिवाच्या लाडवात लोह. जेवणाबरोबर लिंबू पिळले की लोह अधिक शोषले जाते आणि जेवणावर लगेच चहा घेतला की कमी, एवढे एक लक्षात ठेवले तरी पुष्कळ फरक पडतो. चहाची वेळ तासभर पुढे ढकलणे मला भाकरी वाढवण्यापेक्षा कठीण गेले.

पाण्याबाबत आपल्या लेखात 'तहान लागण्याआधीच भरपूर पाणी प्यावे' असे म्हटले आहे, त्याबाबत मात्र मला स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. वेगवान धावकाला कदाचित त्याने अपाय होणार नाही. चार-पाच तास रस्त्यावर असणाऱ्या माझ्यासारखीने वाटेत मांडलेल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून नुसते पाणी प्यायले तर रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. २००२ सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेपाशी रक्त तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्क्यांमध्ये सोडियम कमी झालेले आढळले होते, आणि वाटेत जास्त पाणी पिऊन वजन वाढलेल्यांत व सावकाश धावणाऱ्यांत ते प्रमाण अधिक होते. तहानेप्रमाणे प्यावे, आणि मुंबईच्या दमट हवेत मिठाचाही विचार करावा. औषधाच्या दुकानातले जलसंजीवनीचे पाकीट पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात मिसळून मी सोबत ठेवते. त्याच दुकानातून वेदनाशामक गोळी घेऊन रिकाम्या पोटी शर्यतीला उभे राहणारे लोकही मी पाहिले आहेत. घाम जाऊन शरीरातले पाणी घटलेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हे सारे माझ्यापुरते असते तर मी आपली जागा अडवली नसती. पण शाळेत माझ्याकडे सहावी ते आठवीच्या ज्या मुली धावण्याच्या सरावाला येतात, त्यांच्यात मला माझीच चूक रोज दिसते. माणदेशातील मोहीसारख्या दुष्काळी गावातून निघालेल्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, त्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या मुलींना धावणे परके वाटत नाही. सकाळी साडेसहाला त्या मैदानावर हजर असतात, बहुतेक जणी कपभर चहावर. पस्तीस किलोची मुलगी सहा किलोमीटर धावली की तिचा दोनशे किलोकॅलरींहून थोडा अधिक खर्च होतो. शालेय पोषण आहारात उच्च प्राथमिकच्या मुलीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने ठरलेली आहेत, ती दुपारी मिळतात आणि ती वाढीच्या वयासाठी आहेत, स्पर्धेच्या सरावासाठी नाहीत. म्हणजे त्या जेवणातला तीस टक्के वाटा ती मुलगी सकाळीच रस्त्यावर सोडून आलेली असते. तालुका पातळीवरच्या स्पर्धांत चक्कर येऊन बसणाऱ्या मुलींना 'जिद्द वाढवा' असे सांगितलेले मी माझ्या कानांनी ऐकले आहे. आम्ही चार शिक्षकांनी वर्गणी काढून सरावापूर्वी प्रत्येकीला एक चिक्की आणि सराव संपताच भिजवलेले हरभरे व केळे द्यायला सुरुवात केली. या वर्षी अजून एकही मुलगी चक्कर येऊन बसलेली नाही. दोघींनी मला घाबरत घाबरत विचारले की एवढे खाल्ले तर जाड होऊ का. बारा वर्षांच्या मुलीने हा प्रश्न विचारावा, याचे मला अजून दुःख होते.

शर्यतींच्या आयोजकांकडे माझी एक तक्रारही आहे. गेल्या हिवाळ्यात जवळच्या एका शहरातील अर्धमॅरेथॉनमध्ये मी पंधराव्या किलोमीटरला पोहोचले तेव्हा तिथल्या टेबलावर केळ्यांच्या साली आणि रिकामे खोके उरले होते; पुढच्या टेबलावर पाणीही संपले होते आणि स्वयंसेवक मुले ओशाळून उभी होती. पुढे गेलेल्या धावकांनी दोन-दोन केळी उचलली, त्यांचा दोष मी धरत नाही. दीड तासात शर्यत संपवणाऱ्याला वाटेत फारसे खावेच लागत नाही. तीन तास रस्त्यावर असणाऱ्या पन्नाशीच्या बाईला, पहिल्यांदाच धावणाऱ्या मुलाला किंवा साठी उलटलेल्या गृहस्थांना त्याची सर्वाधिक गरज असते, आणि ते तिथे पोहोचतात तेव्हा काही शिल्लक नसते. शुल्क सगळ्यांनी सारखेच भरलेले असते. प्रत्येक टेबलावरचा निम्मा साठा शेवटच्या तासासाठी वेगळा झाकून ठेवावा, गूळ, शेंगदाणे, मीठ लावलेली संत्र्याची फोड, एवढे स्वस्त पदार्थ तिथे असावेत, आणि कुठल्या किलोमीटरला काय मिळेल याची यादी बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, देतानाच छापून द्यावी, अशी माझी विनंती आहे. शेवटचा धावक येईपर्यंत उपम्याचे पातेले उचलू नये, हेही त्यातच आले.

आपल्या पुरवणीत पुढचे काही रविवार धावण्याविषयी मजकूर येणार असल्याचे लेखाखाली छापले आहे. त्यातला एक रविवार कृपया पूर्णपणे खाण्यासाठी द्यावा. एखाद्या आहारतज्ज्ञांकडून ज्वारी, नाचणी, डाळी, अंडी, मासे अशा आपल्या रोजच्या जिन्नसांच्या मापात, किती किलोमीटरला किती आणि केव्हा, असे लिहून घ्यावे, आणि त्यात पाळी, रक्तक्षय व उपवास यांचा उल्लेख आडपडदा न ठेवता व्हावा. ते पान मी शाळेच्या फलकावर लावेन आणि आमच्या गटातल्या पुरुषांनाही वाचायला देईन, कारण घरी पीठ किती मळायचे हे पुष्कळदा त्यांच्या भुकेवर ठरते.

येत्या रविवारी माझा २८ किलोमीटरचा सराव आहे. शनिवारी रात्री भाकऱ्या करताना माझ्या वाटणीची एक वेगळी थापून फडक्यात गुंडाळून ठेवायचे काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतले आहे, आणि ती दुसऱ्या कोणी खाल्लेली त्यांना चालत नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक, सातारा